कॉपर ऑक्साइडचं नील तापमान: नमुना भाजण्यापासून संक्रमण ठरवण्यापर्यंत

चुंबकत्वावर एमएस्सीचा प्रकल्प करायचा म्हटलं की गोव्यात पहिली अडचण थंडीची येते. तांब्याच्या संयुगांमध्ये स्पिनची, म्हणजे आयनांमधल्या सूक्ष्म चुंबकांची, शिस्त बहुतेक वेळा फार कमी तापमानाला लागते. कॉपर क्लोराइड डायहायड्रेटचे निळे-हिरवे स्फटिक ४.३ केल्विनला ऑर्डर होतात (म्हणजे त्यांचे स्पिन शिस्तीत लागतात), अझुराइट २ केल्विनच्याही खाली, आणि मोरचुदासाठी (कॉपर सल्फेट) तर एका केल्विनच्या शंभराव्या भागांत मोजावं लागतं. हर्बर्टस्मिथाइट नावाचं खनिज ५० मिलिकेल्विनपर्यंत नेलं तरी ऑर्डर होत नाही. हे सगळं द्रव हेलियमचं किंवा त्याहून महागड्या यंत्रांचं काम आहे.

कॉपर ऑक्साइड याला अपवाद आहे. बाटलीत मिळणारी ही साधी काळी पावडर २३० केल्विनला, म्हणजे उणे ४३ अंश सेल्सिअसला अँटीफेरोमॅग्नेटिक होते (स्पिन असे लागतात की एकूण चुंबकत्व उरत नाही; या तापमानालाच नील तापमान म्हणतात) आणि २१३ केल्विनला तिच्यात दुसरं संक्रमण होतं. दोन्हींसाठी ७७ केल्विनचा द्रव नायट्रोजन पुरतो. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय खात्याची माणसं जो डेवर नावाच्या उष्णतारोधक भांड्यातून नेतात, तोच. नायट्रोजनही नको असेल तर हल्लीचे बंद चक्राचे मॅग्नेटोमीटर ५० केल्विनपर्यंत सहज जातात.

स्वस्तात होतं एवढंच याचं मोल नाही. २१३ ते २३० या सतरा अंशांच्या पट्ट्यात कॉपर ऑक्साइडचे स्पिन सर्पिल रचनेत फिरत जातात, आणि त्या सर्पिलामुळे स्फटिकात विद्युत ध्रुवीकरणही तयार होतं. जपानमधल्या किमुरांच्या गटाने २००८ मध्ये ते दाखवलं आणि या जुन्या, साध्या ऑक्साइडकडे सगळ्यांचं लक्ष पुन्हा वळलं. २१३ च्या खाली सर्पिल मोडतं आणि स्पिन स्फटिकाच्या बी अक्षावर एकआड एक उलटसुलट उभे राहतात.

पुढची सगळी रीत कॉपर ऑक्साइड समोर ठेवून सांगतो. तांब्याचं दुसरं संयुग घेतलंत तर आकडे बदलतील, पण क्रम तोच राहील.

आलेखातला उंचवटा आणि खरं संक्रमण

या विषयात माझा सगळ्यात जास्त आग्रह एकाच गोष्टीचा असतो: ससेप्टिबिलिटीच्या (नमुना चुंबकीय क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्या राशीच्या) आलेखात उंचवटा दिसला म्हणून संक्रमण झालं असं लिहायचं नाही. दरवर्षी कोणीतरी प्रिंटआउट घेऊन येतं आणि विचारतं, "सर, इथे पीक आलं. हेच नील तापमान ना?" बहुतेक वेळा ते नसतं.

तांब्याच्या द्विधन आयनात नऊ डी-इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे एक जागा रिकामी आणि स्पिन अर्धा. हा सगळ्यात लहान स्पिन. तांब्याच्या ऑक्साइडांत आणि क्षारांत हे आयन बरेचदा साखळ्यांत, जोड्यांत किंवा थरांत बसतात. एका साखळीतली स्पिनची एकमेकांवरची ओढ (ती तापमानाच्या एककात मोजतात) शेकडो केल्विनची असते आणि दोन साखळ्यांमधली त्याहून खूपच कमी. मग तापमान उतरताना आधी प्रत्येक साखळी आपापल्यापुरती जुळते आणि ससेप्टिबिलिटी एका रुंद उंचवट्यावरून खाली येऊ लागते. पूर्ण स्फटिक मात्र अजून एका सूत्रात आलेला नसतो. शिगम्याच्या मिरवणुकीत असंच होतं: प्रत्येक गावचं रोमट (नाचणाऱ्यांचं पथक) आपल्या ढोलाच्या ठेक्यावर नीट नाचत असतं, पण सगळ्या रस्त्याचा ठेका एक नसतो. तो एक होतो तो क्षण म्हणजे संक्रमण, आणि आपल्याला तोच शोधायचा आहे.

तीन उदाहरणं शेजारी ठेवली की हे पक्कं होतं. कॉपर ॲसिटेटमध्ये तांब्याचे दोन-दोन आयन जोडीने बसलेले असतात. त्याचा उंचवटा साधारण २५५ केल्विनला येतो, पण तिथे कसलंच संक्रमण होत नाही. जोड्या शांत होतात, एवढंच. ब्लीनी आणि बॉवर्स यांनी १९५२ मध्ये त्याचं गणित मांडलं आणि ते आजही जसंच्या तसं वापरतात. कॉपर ऑक्साइडचा उंचवटा ५४० केल्विनच्या आसपास आणि ऑर्डर २३० ला: दोन्हींमध्ये तीनशे अंशांचं अंतर. कॉपर क्लोराइड डायहायड्रेटचा उंचवटा मात्र ४.३ केल्विनच्या जरासाच वर असतो, कारण तिथल्या ओढी तिन्ही दिशांना त्या मानाने जवळपासच्या आहेत. उंचवटा आणि नील तापमान यांमधलं हे अंतर स्वतःच मोलाची माहिती देतं. अंतर जितकं मोठं, तितकी रचना साखळीसारखी किंवा थरासारखी. प्रकल्पात ते मुद्दाम नोंदवा.

नमुना

सुरुवात ९९.९९ टक्के शुद्ध ऑक्साइडच्या पावडरीपासून करा. कॉपर नायट्रेट तापवून ऑक्साइड काढायची पद्धत पुस्तकांत असते, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे तो मार्ग धरू नका. नायट्रेट हवेतलं पाणी ओढून बाटलीतच पाझरतं, आणि वजन कशाचं झालं तेच कळत नाही. ऑक्साइडला पावसाचा हा त्रास नाही.

पावडर अगेटच्या खलात थोडं प्रोपेनॉल घालून अर्धा तास घोटा. ती दाबून पेलेट (गोळी) करा, ॲल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये ठेवा आणि हवेत ९०० अंश सेल्सिअसला एक दिवस भाजा. भट्टी ९५० च्या वर नेऊ नका. हवेत साधारण १०३० अंशांपाशी हा ऑक्साइड प्राणवायू सोडून लाल क्युप्रस ऑक्साइड होतो, आणि जुन्या भट्टीचा थर्मोकपल वीस-तीस अंशांनी चुकलेला असणं अगदी साधी गोष्ट आहे. भट्टी बंद केल्यावर पेलेट आतच सावकाश निवू द्या, म्हणजे गेलेला प्राणवायू परत घ्यायला वेळ मिळतो.

भाजणं टाळून बाजारातली नॅनोपावडर थेट मोजायचा मोह होतो. तो टाळा. कण काही नॅनोमीटरचे असले की नील तापमान खाली सरकतं, संक्रमण पसरतं आणि पृष्ठभागावरच्या मोकळ्या स्पिनमुळे लोहचुंबकासारखं काहीतरी दिसू लागतं. तो विषय स्वतंत्र आणि चांगला आहे, पण आधी मोठ्या कणांचा नमुना हातात हवा.

भाजल्यावर एक्स-रे डिफ्रॅक्शन करा. तांब्याच्या के-अल्फा किरणांवर कॉपर ऑक्साइडचे दोन मोठे पीक ३५.५ आणि ३८.७ अंशांना येतात. त्यांच्या मध्ये ३६.४ ला काही उगवलं असेल तर तो क्युप्रस ऑक्साइड. नमुना पुन्हा भाजा.

लाल माती

गोव्यात हे काम करणाऱ्याने या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. आपण जांभ्या दगडाच्या पठारावर बसलो आहोत. ताळगावच्या पठारावर फेब्रुवारी-मार्चचा वारा सुटला की खिडकीच्या चौकटीवर लाल धूळ बसते, आणि डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यातून येणाऱ्या मुलांच्या पुस्तकांवरसुद्धा ती असते. या धुळीत लोहाचे ऑक्साइड असतात. त्यातला हेमटाइट २६० केल्विनच्या आसपास स्वतःचं एक संक्रमण करतो, त्याला मोरिन संक्रमण म्हणतात. त्या तापमानाच्या वर हेमटाइटमध्ये दुबळं लोहचुंबकत्व असतं, खाली ते नाहीसं होतं.

आता हिशेब मांडून बघा. १०० मिलिग्रॅम कॉपर ऑक्साइड ०.१ टेस्लाच्या क्षेत्रात सुमारे ०.०००३ ईएमयू (चुंबकीय आघूर्णाचं एकक) इतका सिग्नल देतो. त्यात हजारात एक भाग हेमटाइट मिसळलं, म्हणजे फक्त ०.१ मिलिग्रॅम, तर त्याचा वाटा सुमारे ०.००००४ ईएमयू. म्हणजे तुमच्या सिग्नलच्या दहाव्या भागाहून मोठी पायरी २६० केल्विनला दिसेल, तीही थंड करताना खाली जाणारी, म्हणजे कॉपर ऑक्साइडच्या खऱ्या पायरीच्याच दिशेने. बारीक कणांत मोरिनचं तापमान आणखी खाली घसरतं, आणि मग ते २३० च्या शेजारी येऊन बसतं. धुळीऐवजी तेवढाच मॅग्नेटाइट असेल तर १ टेस्लालाही तो कॉपर ऑक्साइडच्या तिप्पट सिग्नल देऊन सगळा आलेख गिळतो.

म्हणून काळजी घ्यायची ती अशी. पावडर उघडी ठेवायची नाही. घोटताना पंखा बंद. स्टीलचा चिमटा आणि चमचा वर्ज्य, प्लॅस्टिकचे वापरा. पेलेट स्टीलच्या डायमध्ये दाबला असेल तर भाजल्यावर त्याचा बाहेरचा थर अगेटच्या किंवा काचेच्या तुकड्याने खरवडून टाका आणि आतलाच भाग मोजायला घ्या. नमुना ठेवायच्या कॅप्सूलला उघड्या बोटांनी हात लावू नका.

एवढं करूनही थोडं लोह राहतंच. त्यावर होंडा-ओवेन यांची जुनी युक्ती चालते. एकाच तापमानाला अर्धा, १, २ आणि ३ टेस्ला अशा क्षेत्रांत ससेप्टिबिलिटी काढा आणि ती क्षेत्राच्या व्यस्तासमोर मांडा. लोहचुंबकीय भेसळ वरच्या क्षेत्रांत संपृक्त झालेली असते, त्यामुळे सरळ रेषा येते. ती रेषा व्यस्त शून्यापर्यंत वाढवली की जी किंमत मिळते ती कॉपर ऑक्साइडची स्वतःची. रेषेचा चढ किती ते पाहून भेसळ किती हेही कळतं.

मोरचुदावर सराव

कॉपर ऑक्साइडला हात लावण्याआधी यंत्राची परीक्षा मोरचुदावर घ्या. सुपारीच्या बागांना पावसाआधी बोर्डो मिश्रण फवारतात तेव्हा जे मोरचूद आणतात ते नको, त्यात लोह असतं. प्रयोगशाळेच्या दर्जाचं घेऊन एकदा पाण्यातून पुन्हा स्फटिकीकरण करा.

मोरचूद आपल्या सगळ्या पट्ट्यात सरळ पॅरामॅग्नेटिक असतं, म्हणजे त्याचे स्पिन मोकळे असतात. ससेप्टिबिलिटीचा व्यस्त तापमानासमोर मांडला की जवळपास शून्यातून जाणारी सरळ रेषा यायला हवी. खोलीच्या तापमानाला मोलमागे ०.००१४६ ईएमयू ही किंमत ग्रंथांत मिळते. त्यात डायमॅग्नेटिक सुधारणा म्हणून ०.०००१२ मिळवा: तांबं ११, सल्फेट ४० आणि पाण्याचे पाच रेणू प्रत्येकी १३, सगळे दशलक्षांशात. त्यातून परिणामी चुंबकीय आघूर्ण १.९ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास येतं. तुमचं १.८५ ते २.० मध्ये आलं तर यंत्र, वजन आणि होल्डरची वजावट तिन्ही ठीक आहेत. १.७ किंवा २.२ आलं तर पुढे जाऊ नका.

सँपल चेंबर पंप करताना मोरचुदाचं पाणी उडतं आणि निळा स्फटिक फिकट पडतो. आधी गोठणबिंदूच्या खाली नेऊन मग पंप करा.

प्रत्यक्ष मोजणी

रिकाम्या होल्डरचं रीडिंग त्याच तापमानांवर, त्याच क्षेत्रात आधी घ्या. कॉपर ऑक्साइडचा सिग्नल मोलमागे मोरचुदाच्या सहाव्या भागाएवढा असतो, म्हणून ही वजावट इथे टाळता येत नाही. नमुना १०० ते २०० मिलिग्रॅम, क्षेत्र १ टेस्ला. ३०० ते २५० केल्विन झपाट्याने या, २४५ ते २०० मध्ये अर्ध्या-अर्ध्या अंशावर थांबा आणि प्रत्येक ठिकाणी तापमान स्थिर झाल्यावरच रीडिंग घ्या. त्याखाली ५० पर्यंत पाच-पाच अंश पुरेत. मग हीच मोजणी तापवताना करा.

पावसाळ्यात दोन पथ्यं. थंड चेंबर उघडायचं नाही. बाहेरची दमट हवा आत शिरली की होल्डरवर बर्फ धरतो आणि पुढचे कितीतरी तास पंपिंगमध्ये जातात, म्हणून ३०० च्या वर नेऊनच उघडा. आणि वीज जाणार हे धरूनच आखणी करा. कॉम्प्युटर आणि तापमान नियंत्रक यूपीएसवर, आणि रीडिंग एकेक ओळीने लगेच फाइलमध्ये उतरतील अशी सेटिंग.

द्रव नायट्रोजन वापरत असाल तर एसीची बंद खोली धोक्याची. एका लिटरचा सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि तो हवेतला प्राणवायू हटवतो. खिडकी उघडी ठेवा, डेवरचं तोंड घट्ट बंद करू नका, एकट्याने रात्री भरू नका.

आलेखातून तापमान काढणं

पावडरीचा आलेख पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हिरमोड होतो. ससेप्टिबिलिटी थंड होताना हळूहळू उतरत असते, २३० ला उतार जरासा बदलतो, २१३ ला लहानशी पायरी असते. डोळ्याने अंदाज करू नका, डेरिव्हेटिव्ह (तापमानाबरोबर बदलण्याचा दर) घ्या.

कशाचा डेरिव्हेटिव्ह, हे महत्त्वाचं. मायकेल फिशर यांनी १९६२ मध्ये दाखवलं की अँटीफेरोमॅग्नेटमध्ये ससेप्टिबिलिटी गुणिले तापमान या राशीचा डेरिव्हेटिव्ह संक्रमणाजवळ विशिष्ट उष्णतेसारखाच वागतो. म्हणून आधी प्रत्येक रीडिंगला तापमानाने गुणा आणि मग डेरिव्हेटिव्ह काढा. त्याचं टोक जिथे, तिथे नील तापमान. स्मूदिंग कराल तर त्याची खिडकी दोन-तीन केल्विनपेक्षा रुंद ठेवू नका, नाहीतर २१३ चं धारदार टोक बोथट होतं.

आता थंड करतानाचा आणि तापवतानाचा असे दोन्ही डेरिव्हेटिव्ह एकावर एक ठेवा. २३० चं संक्रमण सलग, म्हणजे दुसऱ्या दर्जाचं आहे. तिथे दोन्ही टोकं एकाच ठिकाणी यायला हवीत. २१३ चं पहिल्या दर्जाचं आहे, तिथे लहानशी फट राहू शकते. पण थर्मामीटर आणि नमुना यांच्या तापमानात नेहमी थोडा फरक पडतो आणि त्यानेही फट दिसते. दोन्ही वेगळ्या करायची सोय या स्फटिकातच आहे. २३० ला जी फट दिसेल ती सगळी यंत्राची, कारण तिथे दुसरी असूच शकत नाही. तीच २१३ च्या फटीतून वजा करा. सरकता स्वीप वापरला असेल तर मिनिटाला २, १ आणि अर्धा केल्विन अशा तीन वेगांनी करून शून्य वेगापर्यंतची किंमत काढा. या एका पडताळणीसाठी पूर्ण दिवस गेला तरी चालेल.

क्युरी-वाइस फिट (ससेप्टिबिलिटीच्या व्यस्ताला सरळ रेषा बसवणं) या नमुन्यावर करू नका. ते सूत्र ओढीपेक्षा खूप वरच्या तापमानाला लागू पडतं, आणि इथे साखळीतली ओढच शेकडो केल्विनची आहे. २४० ते ३०० मध्ये तर ससेप्टिबिलिटी तापमानाबरोबर वाढते आहे. तिथे रेषा मारून काढलेल्या वाइस तापमानाला काही अर्थ नाही.

शंभर केल्विनच्या खाली आलेख पुन्हा वर चढेल. ते मोकळ्या स्पिनचं शेपूट, तापमानाच्या व्यस्ताने वाढणारं. त्याचा क्युरी स्थिरांक काढून ०.३७५ ने भागा, मोकळ्या स्पिनचं प्रमाण मिळेल. ५० केल्विनच्या जवळ अचानक छोटासा उंचवटा आला तर तो घनरूप प्राणवायूचा: चेंबरमध्ये हवा शिरली आहे. गळती शोधा.

दुजोरा

एकाच पद्धतीवर दोन संक्रमणं जाहीर करू नयेत. डीएससी (नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं) यंत्र उणे १०० अंशांपर्यंत जात असेल तर २१३ चं टोक त्यात दिसू शकतं. तापमानाची खूणगाठ इंडियमवर बांधू नका, ते १५७ अंशांना वितळतं, आपल्यापासून फारच दूर. ऑक्टेन उणे ५७ ला आणि डेकेन उणे ३० ला वितळतात, आपली संक्रमणं या दोघांच्या आसपासच पडतात. पारा सोयीचा वाटतो, पण तो ॲल्युमिनियमची भांडी खातो. चुंबकीय एन्ट्रॉपी मोजायची असेल तर संक्रमणापाशी आर लॉग दोन, म्हणजे दर मोलला दर केल्विनला ५.७६ जूल, सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिचा मोठा भाग साखळ्या जुळताना वरच खर्ची पडलेला असतो.

पेलेटच्या दोन्ही बाजूंना चांदीचा लेप लावून एलसीआर मीटरवर कपॅसिटन्स मोजणं हा स्वस्त आणि हुशार मार्ग आहे. २३० ला ध्रुवीकरण सुरू होतं त्याची खूण तिथे उमटते. पावडरीच्या पेलेटमध्ये सगळ्या दिशा मिसळल्यामुळे ती दुबळी असते, आणि कणांच्या सीमांवरची गळती वरच्या तापमानाला आकडा फुगवते. म्हणून १०० किलोहर्ट्झ किंवा त्याहून वरची वारंवारता घ्या.

स्पिन खरंच एकआड एक उलटे आहेत का, हे फक्त न्यूट्रॉन सांगतात. शल आणि स्मार्ट यांनी १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइडवर ते पहिल्यांदा दाखवलं. आपल्याला सगळ्यात जवळची सोय ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर आहे आणि विद्यापीठांना यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममार्फत तिथे वेळ मागता येतो. प्रस्ताव लिहिताना आधी हे ध्यानात घ्या की तांब्यावरचं आघूर्ण इथे जेमतेम ०.६५ बोर मॅग्नेटॉन आहे. चुंबकीय पीकची तीव्रता आघूर्णाच्या वर्गाने ठरते, म्हणून मँगनीजच्या ५ मॅग्नेटॉनच्या तुलनेत आपलं पीक साठपट दुबळं. २१३ च्या खाली ते अर्ध्या निर्देशांकावर, (१/२, ०, −१/२) ला शोधायचं. सर्पिल पट्ट्यात ते (०.५०६, ०, −०.४८३) ला सरकतं, आणि एवढा फरक पावडरीत सुटा दिसेलच असं नाही. त्यासाठी सिंगल क्रिस्टल लागतो. प्रस्तावात मोजणीचा वेळ या हिशेबाने मागा, १५० केल्विनला एक लांब रन आणि ३०० ला तितकाच लांब दुसरा, म्हणजे वजाबाकी करता येईल. नमुना दहा ग्रॅमच्या आसपास तयार ठेवा, आणि तो ज्या भाजणीतला आहे त्याच भाजणीतल्या पेलेटचे मॅग्नेटोमीटरचे डेरिव्हेटिव्ह आणि होंडा-ओवेनची रेषा प्रस्तावाला जोडा.